घडीतला लाल

मुंबई, ता. ९ फेब्रुवारी १९४१

प्रिय रुखमे,

सलाम. तुझी तिळगुळाची पुडी पोचली. अर्धी मुंग्यांनी खाल्ली, उरलेली मी. आता मुद्द्याचं लिहिते, बसून वाच.

आमच्या मियांच्या चौकटीच्या दुकानात परवा एक पोरगेला चित्रकार भलंमोठं चित्र कापडात गुंडाळून घेऊन आला. प्रदर्शनात लावायचं होतं, तीन दिवसांत चौकट पाहिजे म्हणाला. तो गेल्यावर मी मागच्या खोलीचा पडदा सारून पाहिलं आणि मला हसूच आलं. बाईचं चित्र, पण काय बाई! डोळे समोरून, नाक कडेने, डोक्याचा भांग वरून. कोणी तोंडाचे तुकडे करावेत आणि घाईघाईत परत जोडावेत, तसं. जमशेदमियां म्हणाले, "याला क्यूबिझम म्हणतात. हसू नको, गिऱ्हाईक आहे."

मग माझं हसू थांबलं. तिच्या खांद्यावर लुगडं होतं, रुखमे. वर गर्द निळं, आणि जिथे घडी पडते तिथे आतून लाल. हा रंग साऱ्या दुनियेत एकाच हौदातून निघाला, मंगरूळपीरला आमच्या अब्बांच्या. तुझं लग्नातलं लाल लुगडं. तुझे धनी गेल्यावर ते नेसता येईना म्हणून तू निळीत बुडवायला पाठवलं होतंस. अब्बा तेव्हाच म्हणाले होते, "उस्मान रंगाऱ्याचा आलच्या मुळांचा लाल आहे, निळीखालून डोकावणारच." दोन बुचकळ्या जास्त दिल्या तरी डोकावलाच. पिळलं मी होतं. आठ दिवस माझी नखं निळी होती.

चित्र उलटं करून मागचं नाव वाचलं. जगदेव मारोतराव, अनसिंग. चित्राचं नाव 'वऱ्हाडी स्त्री'.

हा तुझाच दीर ना? ज्याने पंचांना सांगितलं होतं की मी दिवसभर वाशिमला होतो? निळं झाल्यावर ते लुगडं तू एकदाच नेसलीस, आणि पंचांपुढे तर घोंगडीत होतीस. मग याने ते पाहिलं कधी?

तुझी,
नसीम

---

मंगरूळपीर, ता. १७ फेब्रुवारी १९४१

नसीम,

तुझं पत्र शाळेच्या मधल्या सुट्टीत वाचलं. नंतर तिसरीच्या मुलींना सातचा पाढा सांगताना दोनदा चुकले. मुली हसल्या, मीही हसले. आठ वर्षांत इतकी खूश मी झाले नव्हते.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी लिहून काढते. मास्तरीण आहे, पाटीवर मांडल्याशिवाय माझं डोकं चालत नाही.

पौषातला शनिवार. सकाळी लुगड्याचं गाठोडं अनसिंगला आलं. सासूने, सोजरबाईने, आपल्या हाताने सोडलं आणि म्हणाली, "नेस व माय, रंग चांगला बसला." दुपारी मी वातीसाठी कापूस आणायला कोठ्यात गेले. मारोतराव मागून आला. सासरा होता, आता मी त्याला अहोजाहो करत नाही. पुढचं लिहीत नाही. त्याने खांद्याला धरलं, लुगडं फाटलं, मी त्याला ढकललं आणि ओरडले. तो माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडला. संध्याकाळी मला डोक्यापासून घोंगडीत गुंडाळून पंचांपुढे बसवलं तेव्हा सून सालदार पुंजाजीबरोबर कोठ्यात सापडली, असं ठरलेलं होतं. पुंजाजी बिचारा त्या वेळी नाल्यावर बैल धूत होता. त्याला मारून गावाबाहेर काढलं. माझ्या कडेवरून पंचफुलेला ओढून घेतलं, दोन वर्षांची होती, आणि मला त्याच फाटक्या लुगड्यात, घोंगडीसकट, वेशीपर्यंत पोचवलं.

एक गोष्ट मी तुलाही सांगितली नव्हती. ढकलताना माझी मान वर गेली. माळ्याच्या दोन फळ्यांच्या फटीतून एक डोळा मला बघत होता. नंतर मी मनाची समजूत घातली, मांजर असेल. मांजर नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त डोळा कोणाचा ते कळत नव्हतं. आता कळलं.

पंचफुला दहा वर्षांची झाली. कायदा चौदा म्हणतो, मारोतराव येता वैशाख म्हणतो. मानोऱ्याचं स्थळ पक्कं केलंय. गेल्या उरुसात दर्ग्यासमोर ती मला दिसली. मी हाक मारली, तर तिने तोंड फिरवलं. तिला घरात काय शिकवलं असेल ते त्या फिरवलेल्या तोंडावर लिहिलेलं होतं. नसीम, मला त्याचं उट्टं काढायचंय. माझी पोर मला परत पाहिजे, आणि ती देताना त्या घराची मान खाली गेलेली मला बघायचीय. दोन्ही पाहिजे, एकावर भागणार नाही.

मी आरडाओरडा करणार नाही. जगदेवाकडून त्याच्याच हाताने लिहून घेणार. चित्रकाराला त्याच्या चित्राबद्दल विचारलं की तो बोलत सुटत असेल, नाही? त्याचा पत्ता मियांच्या पावतीपुस्तकातून उतरून पाठव.

रुखमी

---

मंगरूळपीर, ता. २६ फेब्रुवारी १९४१

चि. जगदेवभाऊजींस अनेक आशीर्वाद.

इतक्या वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकू नका. मुंबईच्या एका ओळखीच्या बाईने कळवलं की तुमच्या चित्राला प्रदर्शनात मेडल मिळालं आणि चित्रातल्या बाईचा चेहरा माझ्यासारखा आहे. ऐकून ऊर भरून आला. लहानपणी तुम्ही माझ्या चुलीतले कोळसे पळवायचात, ते वाया गेले नाहीत म्हणायचं.

झालं गेलं ते झालं. मी इथे मुलींच्या शाळेत शिकवते, माझं बरं चाललंय. एकच इच्छा आहे. चित्र मला पाहता येणार नाही, पण त्याची छोटीशी नक्कल पाठवाल का? आणि ते कसं पाहायचं तेही लिहा. मी खेड्यातली मास्तरीण, मला घोडा आणि आंबा यापलीकडे चित्र कळत नाही. तुम्ही शिकवलंत तर शिकेन.

तुमची वहिनी,
रुख्मिणी

---

मुंबई, ता. ५ मार्च १९४१

गं. भा. रुख्मिणीवहिनींस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र हातात आलं तेव्हा वाटलं, त्यात शिव्या असणार. त्याऐवजी तुम्ही आशीर्वाद दिलात. मी रडलो, वहिनी. होय, चित्र तुमचंच आहे. आठ वर्षं ते माझ्या डोक्यात होतं, सरळ काढायला गेलो की हात अडायचा. मग ही नवी रीत, घनवाद, सापडली.

सोबत पोस्टकार्डाएवढी रंगीत नक्कल पाठवतो. ती हाताच्या अंतरावर धरा आणि डोळे बारीक करा. नाक कुठे, कान कुठे, हे आधी शोधूच नका. आधी मोठे आकार दिसू द्या. मधोमध एक उभी निळी पाचर आहे, तिच्यावर पांढरट त्रिकोण रेललेला आहे, मागे राखी चौकोन एकावर एक चढलेले आहेत. ते सगळे डावीकडे कलतात, फक्त पाचर उजवीकडे जाते. ही ओढाताण हेच खरं चित्र. चेहरा नंतर दिसला तरी चालेल.

आता रंग. आम्हाला शिकवतात की लाल-पिवळे रंग पुढे येतात आणि निळे मागे सरतात. मी उलट केलं. निळा पुढे आणला आणि लाल घड्यांच्या आत दडवला. त्यामुळे ते निळं वस्त्र शांत राहत नाही, पाहणाऱ्याच्या अंगावर येतं. एका टीकाकाराने लिहिलं की असा निळा त्याने आधी पाहिलेला नाही. तो कुठून पाहणार!

तुम्ही विचाराल, चेहऱ्याचे तुकडे कशाला. एका जागी उभं राहून काढलेला चेहरा अर्धा खोटा असतो, वहिनी. माणसाला आपण समोरून पाहतो, कडेने पाहतो, कधी वरून पाहतो, आणि आठवताना ते सगळं एकदम आठवतं. म्हणून मी सगळ्या बाजू एकाच पटावर मांडतो. मात्र एक नियम मी कधी मोडत नाही. जी बाजू मी स्वतः पाहिली नाही, ती मी काढत नाही. माझे सोबती अंदाजाने काढतात, मी नाही. चित्रात तरी माणसाने खरं असावं.

तुम्हाला आवडलं की नाही, अगदी मनापासून लिहा. तुमच्या मताइतकं मेडलचंही मला मोल नाही.

तुमचा,
जगदेव

---

मंगरूळपीर, ता. १२ मार्च १९४१

चि. जगदेवभाऊजींस आशीर्वाद.

उद्या धुळवड, आज शाळेला सुट्टी. सबंध दुपार तुमची नक्कल खिडकीत लावून बसले. तुम्ही सांगितलंत तसे डोळे बारीक केले. पहिल्यांदा नुसता गोंधळ दिसला. मग निळी पाचर दिसली, आणि एकदा दिसली की मोडेना. घडीतला लाल तर असा दिसतो की तो कापडात आहे की कापडाखाली, हे ठरवता येत नाही. खोटं नाही सांगत, भाऊजी, मला चित्र आवडलं. केसांत अडकलेले कापसाचे तीन पांढरे ठिपकेही सापडले. बाकी पांढरा पिवळट आहे, ते तेवढे शुभ्र आहेत.

दोन गोष्टी मात्र अडल्या. तुमचा नियम मी फळ्यावर लिहावा इतका मला आवडला, न पाहिलेली बाजू काढायची नाही. मग माझा रिकामा भांग तुम्ही वरून कुठून पाहिलात? मी तर तुमच्याहून उंच होते.

दुसरं. खांद्यापाशी, लुगड्याचं कापड फाटून त्रिकोण झालाय तिथे, एक तपकिरी हात आहे. आधी मला वाटलं माझाच. पण माझ्या हातांना तुम्ही गार, राखी रंग दिलाय, आणि हा ऊन, तांबूस रंगाचा आहे. सबंध चित्रात ऊन रंग पुढे आलाय तो इथेच. बोटं मोजली तर चार. कलेत असं असतं का, की हा कोणा दुसऱ्याचा हात आहे?

निर्धास्त लिहा. मी रागावणार नाही. मन मोकळं केलं की माणसाला बरं वाटतं.

तुमची वहिनी,
रुख्मिणी

---

मुंबई, ता. २२ मार्च १९४१

वहिनी,

तुमचं पत्र चार दिवस खिशात घेऊन फिरलो. प्रदर्शनात हजारो लोक चित्रासमोरून गेले, कोणाला तो हात दिसला नाही. तुम्ही पोस्टकार्डावर पाहिलात.

मी माळ्यावर होतो. बाबा माझी चित्रं चुलीत घालायचे, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटली की वाशिमहून गुपचूप येऊन मी कोठ्याच्या माळ्यावर कोळशाने काढत बसायचो. त्या शनिवारीही बसलो होतो. मी सगळं पाहिलं. मी ओरडायला हवं होतं. माझ्या तोंडातून आवाज निघाला नाही. तिन्हीसांजेला मागच्या बाजूने उतरलो, वेशीपर्यंत गेलो, आणि वाशिमहून आत्ताच आल्यासारखा पुढच्या दाराने घरात शिरलो. पंचांनी विचारलं तेव्हा जे बोललो ते तुम्ही ऐकलंत.

दुसऱ्या दिवशी बाबा माळ्यावर चढले. माझा कोळसा आणि कागद घेऊन उतरले. मला वाटलं आता मार बसणार. ते म्हणाले, "मुंबईले जाशीन? चित्राच्या शाळेत?" बस, एवढंच. मी हो म्हणालो. त्या होचा अर्थ आम्हा दोघांनाही कळत होता.

हात बाबांचा आहे. करंगळी कापसाच्या जिनात तुटली तो.

हे मी जगात फक्त तुम्हाला लिहितो आहे. वाचून लगेच चुलीत टाका, तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ. तुम्ही मला माफ केलंत असं समजू ना?

एक अडचण आहे. बाबांनी चैत्री पौर्णिमेला, मारुतीच्या जन्मानंतर, पारावर माझा सत्कार ठरवला आहे. मेडलचं चित्र घेऊन ये म्हणतात. पंचफुलेच्या सासरचे लोकही मानोऱ्याहून येणार आहेत. चित्र न्यावं का? मला वाटतं नेलं तरी हरकत नाही. मुंबईच्या जाणकारांना जे दिसलं नाही ते अनसिंगात कोणाला दिसणार! बाबांना तर स्वतःचा हातही ओळखू येणार नाही.

जगदेव

---

(पोस्टकार्ड)

मंगरूळपीर, ता. २७ मार्च १९४१

चि. जगदेवभाऊजींस आशीर्वाद. उद्या पाडवा, शुभ बोलावं. चित्र अवश्य न्या. गावच्या लेकराचं कौतुक गावाने नाही करायचं तर कोणी? उजेडात लावा, सावलीत निळा मरतो. — रुख्मिणी

---

मुंबई, ता. २ एप्रिल १९४१

रुखमे,

चित्र आज आमच्याच दुकानातून पेटीत बंद होऊन गेलं. मियांनी कोपऱ्यांना कापूस लावला, वरून मीही लावला, वाटेत ओरखडा पडू नये म्हणून. आपली तलवार आपणच पुसून देतोय असं वाटलं.

त्याचं पत्र तू चुलीत टाकलं नाहीस, हे तू लिहिलं नाहीस तरी मला माहीत आहे. पण जपून. तो माणूस पार वाईट नाही गं, भित्रा आहे. आणि मारोतराव भित्रा नाही. अंगावर धावून आला तर? सोबत कोणाला तरी घेऊन जा. अब्बा असते तर तेच निघाले असते.

नसीम

---

मंगरूळपीर, ता. १३ एप्रिल १९४१

नसीम,

झालं. पहिल्यापासून सांगते, मधे थांबवू नकोस.

पेटीतून लुगडं काढलं. फाटकं होतं तसंच ठेवलं होतं, टाकासुद्धा घातला नव्हता. ते नेसले, शाळेतली नकाशावर दाखवायची लांब छडी घेतली, त्याचं पत्र चोळीत ठेवलं. मोटारीने वाशिम, तिथून बैलांच्या दमणीने अनसिंग. सोबत कोणाला नेलं नाही. मला कोणाचा आडोसा नको होता.

पारावर माणसांची गर्दी. चित्र देवळाच्या भिंतीला टेकवलेलं, वर चांगलं ऊन. जगदेव मुंबईच्या भाषेत 'घनवाद घनवाद' असं काही सांगत होता आणि लोक जांभया देत होते. बायकांत कोणीतरी म्हणालं, "हे काय व माय, वाकळ फाडून लावली काय?" हशा झाला. मारोतराव रेशमी कोशाचा फेटा बांधून पाहुण्यांच्या शेजारी, मानोऱ्याचे सहा जण. मी बायकांच्या बाजूने पुढे गेले.

मारोतराव म्हणाला, "हिले कोनं बलावलं?"

मी म्हणाले, "चित्र माह्यं हाये. मी मास्तरीण हाये, पोरायले समजावून सांगाची मले सवय हाये. मुंबईवाल्याचं तं कोनाले समजून नाही राह्यलं."

मानोऱ्याचा म्हातारा पाहुणा म्हणाला, "सांगू द्या नं. आमी कवाचे पाहून राह्यलो, आमाले तं हे बाई हाये का बैल हाये तेच समजेना." पाहुण्याचा शब्द मारोतरावाला मोडता आला नाही. जगदेव पांढरा पडला होता. मी त्याच्याकडे पाहून अगदी गोड हसले.

मग मी शिकवलं, नसीम. त्याने मला शिकवलं होतं तसंच. डोळे बारीक करा, नाक-डोळे शोधू नका, आधी मोठे आकार बघा. पोरांनी डोळे बारीक केले, मग बायकांनी, मग गडीमाणसांनीही. गोजराबाई कोठ्यात कापूस भरायला यायची, ती एकदम बोलली, "हा भांग तं वरून दिसते व बाई. माळ्यावरून पाह्यल्यावानी."

"बरोबर," मी म्हणाले. "या चित्रकाराचा नेम हाये, न पाह्यलेली बाजू तो काढत नाही. आता रंग पाहा." आणि मी माझा खांदा चित्रातल्या खांद्याशेजारी नेऊन उभी राहिले. वरून निळा, घडीत लाल. इथे फाटलेलं, तिथे फाटलेलं.

पुढे मी पत्र वाचणार होते. वाचावं लागलं नाही. सोजरबाई बायकांतून उठली. आठ वर्षांत ती फार म्हातारी झालीय. ती माझ्याजवळ आली, माझ्या पदराची घडी तिने दोन बोटांनी उलगडली, आत लाल पाहिला, मग चित्राकडे पाहिलं. मग लेकाला म्हणाली, "हे गाठोडं त्याच दिशी सकाळी मी सोडलं होतं. हे लुगडं हिनं त्याच दिशी नेसलं अन् त्याच दिशी घोंगडीत गुंडाळून गेली. तू वाशिमले होता नं रे? मंग तुले हा रंग कसा दिसला?"

जगदेवाने मान खाली घातली.   त्याला तेवढंच येतं.

मी छडी तपकिरी हातावर ठेवली. पोरांना विचारलं, "हा हात बाईचा हाये का?"

"नाही, गडीमानसाचा हाये!"

"बोटं मोजा."

"एक, दोन, तीन, चार!"

"पुन्हा मोजा. मोठ्यानं."

पोरं तर पोरंच, त्यांना मजा वाटत होती. दुसऱ्यांदा चार म्हणाली तेव्हा मारोतरावाचा उजवा हात उपरण्याखाली गेला. मी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते, मला मागून गोजराबाईने सांगितलं. पण बाकी सगळे बघत होते.  तो "चाल नीघ येथून" असं काहीतरी बोलायला उठला, आणि उठताना आधाराला तोच हात त्याला बाहेर काढावा लागला.

मानोऱ्याच्या पाहुण्यांनी पानाचं तबक तसंच ठेवलं आणि बैल जुंपायला सांगितले. ज्या दोघा पंचांनी मला वेशीवर पोचवलं होतं, ते जमिनीकडे बघत होते. मी पुंजाजीचं नाव मोठ्याने तीनदा घेतलं. नाल्यावर बैल धूत होता, नाल्यावर बैल धूत होता, नाल्यावर बैल धूत होता.

सोजरबाई घरात गेली आणि पंचफुलेला हाताला धरून घेऊन आली. म्हणाली, "घेऊन जाय हिले. मी त्या दिशी बोलली नाही." मी पोरीचा हात घेतला. सोजरबाईला मी माफ केलं नाही. तिनेही माफी मागितली नाही, एवढं तिचं बरं.

नसीम, मला आनंद झाला. खरा, पोटभर. देवासमोर असं वाटू नये म्हणतात, मारुती तर पाठीशीच होता, तरी झाला. त्या माणसाने उपरण्यात हात लपवला हे मनात येतं आणि शाळेत शिकवता शिकवता मला हसू येतं.

येताना दमणीत पंचफुला माझ्यापासून लांब कोपऱ्यात बसली होती. अर्ध्या वाटेवर सरकत जवळ आली आणि माझ्या खांद्यावरच्या फाटक्या जागेला बोट लावलं. म्हणाली, "हे कोनं फाडलं?"

मी म्हणाले, "चित्रात हात होता नं, त्यानं."

ती बराच वेळ स्वतःची बोटं मोजत बसली. मग माझ्या मांडीवर झोपली. आता इथे शेजारी चिंचा खातेय.

रुखमी

---

अनसिंग, ता. १९ एप्रिल १९४१

वहिनी,

तुम्ही मला फसवलंत. मी विश्वासाने लिहिलं आणि तुम्ही मला माझ्याच चित्रासमोर उभं केलंत. बाबा घराबाहेर पडत नाहीत. पंच दारावरून जातात, हाक मारत नाहीत. आई मला वाढते, पण माझ्याकडे बघत नाही. मी त्या सगळ्याला पात्र आहे, हे कळतं.

मी उद्या मुंबईला जातो. ते चित्र मला आता भिंतीवर नको. तुम्हाला पाठवतो, वाटलं तर जाळा. माझ्या मनात दुसरं आहे. मला तुमचं एक नवं चित्र काढू द्या. तुकडे नाहीत, सरळ, समोरून, पूर्ण चेहरा, जसा तो खरोखर सुंदर आहे तसा. तुम्ही समोर बसाल का? ते काढून झालं की मला माफ केलंत असं मी समजेन.

जगदेव

---

मंगरूळपीर, ता. २८ एप्रिल १९४१

जगदेव,

आता भाऊजी नाही आणि तुम्हीही नाही.

फसवलं, हो. तुझं पत्र जाळलं नाही. ते पंचफुलेच्या वहीत आहे, मोठी झाली की वाचेल. मी समोर बसणार नाही. माझा सरळ चेहरा मला आरशात दिसतो, तुझी गरज नाही.

चित्र पोचलं. शाळेच्या भिंतीवर लावलंय. ते चांगलं आहे, हे मी रागातही नाकारत नाही. निळी पाचर बघितली की अजून माझे डोळे आपोआप बारीक होतात, आणि उस्मानचाचाचा लाल तू जसाच्या तसा पकडलास. तुझ्या हातात गुण आहे. तो कोणाच्या अंगावरून मिळाला ते मात्र विसरू नकोस.

पण त्यात एक बाजू राहिली. न पाहिलेली बाजू तू काढत नाहीस, म्हणून राहिली असेल. ती तू पाहिली नाहीस, मी पाहिली. मी सांगते, तू काढ.

खालून वर बघायचं. दोन जुन्या सागवानी फळ्या, धुरकट काळ्या, तिरप्या. मधे बोटभर फट. डाव्या फळीवर कोळशाचा डाग. फटीत एक डोळा, बाकी चेहरा नाही. पांढऱ्याला जरा पिवळा दे, बुबुळ अगदी काळं ठेव, त्यात खालचा निळा रंग एवढासा पडलेला दाखव. माफीचं काही विचारू नकोस, ती नाही. ते चित्र झालं की अनसिंगच्या घरात, तुझ्या बाबांच्या समोरच्या भिंतीवर टांग.

पापणी उघडीच ठेव. तेव्हाही तू ती मिटली नव्हतीस.

रुख्मिणी